पणजीहून मये-नार्वे-डिचोली: एका दिवसाच्या फेरीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पणजीला मोठे शहर म्हटले की पुण्या-मुंबईचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. हसू द्या. आमच्यासाठी तेच शहर, आणि तिथून सकाळी निघून संध्याकाळी परतण्याजोगी जागा कुठली असे कुणी विचारले की आम्ही मयेचे नाव घेतो. त्यानंतर जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

मये नेमके कुठे आहे? तिथे एवढे काय आहे?

मये हे डिचोली तालुक्यातले गाव. मांडवीच्या उत्तरेला, टेकड्यांच्या मधोमध तिथे एक तळे आहे आणि पर्यटन खात्याच्या जुन्या पत्रिकांपासून आजपर्यंत त्याचे फोटो छापले जातात. तळे छानच आहे, पण एक सांगून ठेवतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावासारखी घोडे, कणसे आणि धांदल डोक्यात ठेवून आलात तर हिरमोड होईल. इथे पाणी, झाडी, थोडी होडीविहाराची सोय आणि पुष्कळ शांतता. तासाभरात तळे पाहून होते.

म्हणून नुसत्या तळ्यासाठी येऊ नका. वाटेत दिवाडी बेट आहे, नदीपलीकडे नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे, पुढे डिचोली शहर आहे आणि परतीच्या रस्त्यावर खांडोळे-माशेल आहे. ही सगळी ठिकाणे एका गोष्टीने बांधलेली आहेत: सोळाव्या शतकात ही नदी म्हणजे दोन राज्यांची, अलीकडे पोर्तुगीज आणि पलीकडे आदिलशाही, हद्द होती आणि अलीकडचे देव ती ओलांडून पलीकडे गेले. एवढे लक्षात ठेवून निघालात तर दिवसभर काय पाहतो आहोत ते आपोआप उलगडत जाते.

कुठल्या रस्त्याने जावे?

जाताना फेरीबोटीने, येताना पुलाने. पणजी, रायबंदर, जुने गोवे, तिथून फेरीबोटीने दिवाडी, बेट पार करून दुसऱ्या फेरीबोटीने नार्वे, मग मये आणि डिचोली. परतताना डिचोलीहून आमोणे, पूल ओलांडून खांडोळे, माशेल, बाणस्तारी आणि जुने गोव्यावरून घरी. सगळे मिळून पन्नास-साठ किलोमीटरच्या आसपास होते.

म्हापसा-अस्नोड्यावरूनही डिचोली गाठता येते आणि गुगल मॅप कधीकधी तोच रस्ता पुढे करतो. कामानिमित्त जायचे असेल तर तो ठीक आहे. सहलीला निघून महामार्गावरच्या वाहतुकीत अडकण्यात काय मजा? शिवाय नदी ओलांडल्याशिवाय या सहलीला अर्थ नाही.

तिसरा मार्ग रायबंदरहून फेरीने चोडणला उतरून तिथून मयेला जाण्याचा. पक्षी पाहणाऱ्यांनी हा धरावा. चोडणच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, पावणेदोन चौरस किलोमीटरची खारफुटी, १९८८ पासून राखीव. पण हा रस्ता घेतला की दिवाडी राहून जाते. दोन्ही एकाच दिवशी कोंबू नका.

फेरीबोटीची मला सवय नाही. गाडी चढवायला भीती वाटते. काय करायचे?

पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटते. धक्क्यावर रांगेत थांबायचे. बोट लागली की पुढची लोखंडी फळी खडखडत उतारावर टेकते, आधी पलीकडून आलेली माणसे आणि गाड्या उतरतात, मग इकडचा कामगार हात करतो. त्याचा हात दिसेपर्यंत हलू नका. चारचाकी आणि दुचाकी कुठे उभी करायची ते तोच खुणेने सांगतो आणि त्याचे गणित आपल्यापेक्षा पक्के असते. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. उतार ओला असेल तर स्कूटरवाल्यांनी मागे बसलेल्याला आधीच उतरवावे.

ओहोटीला पाणी खाली गेले की फळी आणि उतार यांच्यातला कोन वाढतो. बुटक्या गाडीचा बंपर तिथे घासतो. तिरके चढा, घाई करू नका. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या.

फेरीला तिकीट किती?

चालत चढणाऱ्याला पैसे पडत नाहीत. चारचाकीला तिकीट आहे, तेही मामुली. दर मधूनमधून बदलायच्या गोष्टी चालतात म्हणून आकडा देत नाही, खिशात सुटे ठेवा म्हणजे झाले. ही सेवा सरकारच्या नदी परिवहन खात्याची आहे.

जुने गोव्याच्या धक्क्यावर फार ताटकळावे लागत नाही. दिवाडी-नार्वे फेरीला मात्र धीर हवा. बोट नुकतीच सुटलेली असली तर ती जाऊन परत येईपर्यंत धक्क्यावर उभे राहून नदी बघायची, दुसरा इलाज नाही. संध्याकाळी याच मार्गाने परतायचे ठरवले असेल तर शेवटची फेरी कितीला ते सकाळीच विचारून घ्या.

जुने गोव्यात थांबावे का?

चर्च पाहिले नसेल तर अर्थात. बॉम जेझू बासिलिका १६०५ ची, आणि इथली चर्चेस नि कॉन्व्हेंट १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. पण त्याला स्वतंत्र अर्धा दिवस द्यावा असे माझे मत. या सहलीत दोनच गोष्टींसाठी थांबा.

एक, फेरीच्या धक्क्याकडे जाताना लागणारी व्हाइसरॉयची कमान. नवा व्हाइसरॉय लिस्बनहून आला की याच धक्क्यावर उतरायचा आणि या कमानीतून शहरात शिरायचा. आज तिच्याखालून सरकारी कदंब महामंडळाची बस आणि पावाची सायकल जाते.

दुसरी, हातकातरो (म्हणजे हात कापण्याचा) खांब. रस्त्याच्या मध्ये उभा असलेला काळ्या पाषाणाचा हा एकटा खांब बहुतेकांना दिसतही नाही. नावामागची कथा भीषण आहे, लोक ती इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायसभेच्या, काळाशी जोडतात. खांब मात्र त्याहून जुना, कदंब राजांच्या काळातल्या देवळाचा. तो सप्तकोटेश्वराच्या मूळ देवळातला असावा असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर आपल्या सहलीचा पहिला दगड इथेच, वाहतूक बेटावर उभा आहे.

दिवाडी बेटावर काय पाहायचे? किती वेळ ठेवायचा?

दीड तास पुरे. फेरीतून उतरल्यावर दोन्ही बाजूंना खाजन शेती (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली) आणि मध्ये सरळ रस्ता. पिएदादच्या टेकडीवरचे चर्च लांबूनच दिसते. वर गेलात की जुने गोव्याचे मनोरे, मांडवीचे वळण आणि पलीकडे चोडण एका नजरेत येते. खाली गावात जुनी घरे आहेत. ती लोकांची राहती घरे आहेत, बाल्कांवावर (दारापुढच्या ओट्यावर) बसून फोटो काढायला परवानगी लागते. अलीकडे हे सांगावे लागते.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला जुने नार्वे. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे इथले. कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर या देवाचा वरप्रसाद लाभल्याचा उल्लेख असायचा, एवढे या देवाचे महत्त्व. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत देऊळ पडले. विजयनगरचा मंत्री माधव याने गोवा जिंकल्यावर ते पुन्हा उभे केले. १५६० च्या सुमारास पोर्तुगिजांनी ते पाडले आणि मग ते तिथे पुन्हा झाले नाही. आज जागेवर पुष्करणी आणि जांभ्या दगडाचे अवशेष दिसतात. पाटी शोधत फिरू नका, गावात कुणालाही ‘पोरणें देवूळ’ विचारलेत तर वाट दाखवतील.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावर बोंदेराम या झेंड्यांच्या उत्सवाची मिरवणूक असते. ती पाहायची असेल तर त्या दिवशी फक्त दिवाडीच करा. मयेचा विचार सोडा, कारण फेरीच्या रांगेतच अर्धा दिवस जाईल.

नार्व्याच्या सप्तकोटेश्वराबद्दल सगळेच बोलतात. देऊळ एवढे वेगळे कशात आहे?

सबंध दिवसात एकाच ठिकाणी वेळ मोकळा सोडायचा असेल तर तो इथे सोडा.

दिवाडीचे देऊळ पाडल्यावर तिथले शिवलिंग विहिरीच्या काठाला पाणी ओढण्यासाठी बसवले होते, असे परंपरेने सांगतात. भाविकांनी ते तिथून सोडवले आणि नदीपलीकडे आणले. पलीकडे म्हणजे डिचोलीत, आणि डिचोली त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत. पोर्तुगिजांचा कायदा नदीच्या अलीकडच्या काठावर संपत होता. आज दहा मिनिटांत फेरीने ओलांडतो तेवढे पाणी त्या काळी देवाला आणि भक्ताला पुरेसे होते.

पलीकडे देव आला तरी देऊळ साधेच होते. १६६८ मध्ये शिवाजी महाराज या भागात आले आणि त्यांच्या आज्ञेने देवळाचे काम सुरू झाले. हे ऐकीव नाही. प्रवेशाजवळच्या शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार अशी मिती आहे आणि श्रीशिवराजांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाल्याचे कोरले आहे. इंग्रजी हिशेबाने तो नोव्हेंबर १६६८. लेख लहान आहे, मान वर करून शोधावा लागतो. शाळेतली मुले सोबत असतील तर त्यांनाच शोधायला लावा. अक्षरे देवनागरीच असल्याने ‘श्री’ आणि ‘शके’ त्यांना बरोबर सापडतात.

आत गेल्यावर लिंगाकडे नीट पाहा. ते गुळगुळीत गोल नाही. त्याला उभ्या धारा आहेत, म्हणून त्याला धारालिंग म्हणतात. वर शिखराऐवजी घुमट, खाली उतरती कौले, समोर दीपस्तंभ. फोंड्याकडची रंगवलेली, भव्य देवळे डोळ्यांसमोर ठेवून आलेल्या माणसाला हे बुटके वाटते. मला त्याचे हेच आवडते. देऊळ सखल जागी, माडा-पोफळींच्या सावलीत बसले आहे, जवळ जाईपर्यंत दिसत नाही. १६६८ मध्ये हद्दीलगत देऊळ बांधायचे तर ते असेच बांधणे शहाणपणाचे होते, हा आपला माझा तर्क.

राज्य सरकारने त्याचा जीर्णोद्धार केला आणि ११ फेब्रुवारी २०२३ ला देऊळ पुन्हा खुले झाले. जुन्या फोटोत पाहिलेले देऊळ आणि आजचे देऊळ यांत फरक दिसेल, म्हणजे गाडी चुकीच्या देवळापाशी थांबली असे समजू नका.

देवळात कपड्यांचे, फोटोचे काही नियम?

गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत. समुद्रकिनाऱ्यावरून थेट चड्डीवर येणाऱ्यांसाठी गाडीत एक लुंगी ठेवली की प्रश्न मिटतो. गर्भागारात फोटो काढू नये. बाहेर काढायला कुणाची हरकत नसते, तरी भटजी समोर असतील तर विचारावे. दुपारी दार बंद असण्याची शक्यता धरून साडेअकराच्या आत पोहोचा.

गोकुळाष्टमीला नार्व्याला नदीस्नानासाठी माणसांची रीघ लागते. भाविक असाल तर जरूर या. निवांत देऊळ बघायचे असेल तर तो दिवस टाळा.

तळ्यावर काय काय करता येते?

काठाने फिरणे, पायडल बोट, सावलीत बसून डबा खाणे. पर्यटन विकास महामंडळाने परिसर सुधारला आहे. २०१९ मध्ये इथे बंजी जंपिंग सुरू झाले, मनोरा ५५ मीटर उंच. ज्यांना उडी मारायची आहे त्यांनी आधीच चौकशी आणि बुकिंग करून यावे. वयाच्या, वजनाच्या आणि तब्येतीच्या अटी असतात. बाकीच्यांनी खाली उभे राहून दुसऱ्याच्या किंकाळ्या ऐकाव्यात. मला विचाराल तर या तळ्याला तो मनोरा शोभत नाही, पण कॉलेजची मुले त्यासाठीच मयेला येतात आणि येता येता नार्व्यालाही डोकावतात, हेही खरे.

पोहायला उतरू नका. पाणी शांत दिसते, तळाचा अंदाज येत नाही.

मयेचा ‘प्रश्न’ म्हणून वर्तमानपत्रात जे येते ते काय?

पर्यटकाला त्याच्याशी देणेघेणे नाही असे म्हणता येईल, पण तळ्याकाठच्या घरांकडे बघताना माहीत असावे. पोर्तुगीज अमदानीत मये गाव एका सरदार घराण्याला जहागिरी म्हणून दिला होता. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, जहागीरदार पोर्तुगालला गेले आणि गावची जमीन सोडून गेलेल्यांची मालमत्ता म्हणून सरकारच्या ताब्यात आली. कसणारे तिथेच, राहणारे तिथेच, पण कागदावर मालक कुणी नाही. घर दुरुस्त करायचे, कर्ज काढायचे, प्रत्येक ठिकाणी अडचण. पिढ्यान्‌पिढ्या आंदोलने झाली तेव्हा २०१४ मध्ये विधानसभेने यासाठी कायदा केला. पुढच्या सनदांची आणि मोजणीची कामे हा गावातला कायमचा विषय आहे. चहाच्या टपरीवर सहज काढलात तर अर्धा तास उठता येणार नाही.

मयेतल्या देवळांचे काय?

महामाया ही ग्रामदेवता. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या सगळ्या बहिणी, अशी कथा या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. त्यातल्याच एका बहिणीला ख्रिस्ती बांधव म्हापशाची मिलाग्रीस सायबीण (मेरी माता) मानतात आणि तिच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला, दोन्ही समाज जातात. गोव्याबाहेरच्या पाहुण्यांना हे खरे वाटत नाही. त्यांना म्हापशाच्या फेस्ताला घेऊन जा.

शिरगाव मयेच्या शेजारीच. वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा असते, हजारो धोंड (देवीचे व्रतस्थ भक्त) व्रत पाळून पहाटे होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालत जातात. २०२५ च्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली. जत्रेच्या दिवशी सहल म्हणून या भागात येऊ नका. जायचे तर जत्रेलाच जायचे, गाडी लांब ठेवायची आणि वयस्कर माणसांना गर्दीच्या वेळी पुढे न्यायचे नाही.

डिचोली शहरात उतरावे का, की बगल देऊन पुढे जावे?

बुधवार असेल तर उतराच, आठवड्याचा बाजार त्या दिवशी भरतो. गावठी मिरची, वालीचे वेल, कोकम सोलां, हंगामात नीरफणस आणि कणग्या. डिचोलीच्या कुंभारांची मातीची भांडी पूर्वीपासून नावाजलेली आहेत. मडके घेतलेत तर घरी नेऊन दोन दिवस पाण्यात भिजवा, मग चुलीवर चढवा.

इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी टेकडीवरची नमाजगाह. औरंगजेबाचा बंडखोर शहाजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला तेव्हा त्याचा मुक्काम काही काळ डिचोलीत होता. नमाजगाह त्यानेच बांधली असे सांगतात. संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये गोव्यावर जी मोहीम काढली, ती या पार्श्वभूमीवर. त्यांचे सैन्य जुने गोव्याजवळच्या जुवे बेटापर्यंत पोहोचले तेव्हा घाबरलेल्या व्हाइसरॉयने आपला राजदंड सेंट झेवियरच्या पायाशी ठेवून शहर वाचव म्हणून विनवले, ही हकिकत पोर्तुगिजांनीच लिहून ठेवली आहे. सकाळी आपण ज्या बासिलिकेवरून पुढे गेलो, त्याच संताची ही गोष्ट.

डिचोली पोर्तुगिजांच्या हाती आली ती १७८० च्या दशकात, म्हणजे तिसवाडीनंतर (पणजी-जुने गोव्याच्या तालुक्यानंतर) पावणेतीनशे वर्षांनी. म्हणून ती ‘नव्या काबिजादी’त, म्हणजे नंतर जिंकलेल्या प्रदेशात, मोडते. तोवर देवळे पाडण्याचा त्यांचा जोर ओसरला होता. या तालुक्यात देवळे टिकली, मराठी टिकली, भजन आणि नाटक घराघरात राहिले, त्यामागे हा उशीर आहे.

हरवळ्याचा धबधबा याच दिवशी होईल का?

पावसाळ्यात निघालात तर करा. साखळीजवळ हरवळे, तिथे धबधबा, रुद्रेश्वराचे देऊळ आणि जांभ्या दगडात कोरलेल्या लेण्या, तिन्ही एकाच आवारात असल्यासारखे जवळजवळ. त्यासाठी तळ्यावरचा वेळ कापावा लागेल. फेब्रुवारीनंतर धबधब्यात धार बारीक होते, मग लेण्यांसाठी जायचे असेल तरच जा.

परतीच्या वाटेवर खांडोळे-माशेल कशासाठी? सरळ घरी का येऊ नये?

कारण गोष्ट तिथे पुरी होते. खांडोळ्याचा महागणपती मूळचा दिवाडीचा. माशेलचा देवकीकृष्ण मूळचा चोडणचा. तो आधी मयेला नेला आणि तिथून माशेलला आणला. म्हणजे तुम्ही सकाळपासून जी वाट फिरलात, तीच त्या देवाची वाट. मूर्तीही पाहण्यासारखी: देवकी उभी आहे आणि बाळकृष्ण तिच्यापाशी. कृष्ण यशोदेबरोबर पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना हे वेगळे दिसते.

देवळापुढच्या मोकळ्या मैदानात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो होतो. पुरुष आणि मुलगे तेल चोपडून चिखलात खेळतात. त्या दिवशी आलात तर कपड्यांचा दुसरा जोड आणा, काठावर उभे राहूनही चिखल चुकत नाही.

माशेलहून बाणस्तारीचा पूल ओलांडताना खाली जे पाणी दिसते तो मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा कुंभारजुवेचा कालवा. त्यात मगरी आहेत. पुलावर गाडी थांबवून शोधू नका, मागून ट्रक येतो.

स्वतःची गाडी नाही. बसने जमेल का?

जमेल, पण सगळी वर्तुळाकार फेरी होणार नाही. पणजीच्या कदंब बसस्थानकावरून डिचोलीची बस धरा. डिचोलीत उतरून रिक्षा ठरवा: नार्वे, मये तळे आणि परत, थांबण्यासकट भाडे आधीच बोलून घ्या. गोव्यात रिक्षा मीटरवर धावत नाही, त्यामुळे बसल्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. एकटे असाल तर पायलट स्वस्त पडतो. पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी, विमानाशी संबंध नाही.

नार्व्याला थेट जाणाऱ्या बसगाड्या मोजक्या आहेत, त्यांच्या भरवशावर वेळापत्रक आखू नका. ओला-उबर इथे नाही. गोवा माइल्स या टॅक्सी ॲपवर पणजीहून जाताना गाडी मिळते, नार्व्याहून परतताना मिळेलच असे नाही. भाड्याची स्कूटर सगळ्यांत सोयीची. काळ्या पाटीवर पिवळे अक्षर आहे ना ते बघूनच घ्या, खासगी पाटीची गाडी भाड्याने घेतली की नाक्यावरचा पोलीस सहलीचे पैसे वसूल करतो.

आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना झेपेल?

झेपेल. चढ जवळपास कुठे नाही. पिएदादच्या चर्चपर्यंत गाडी जाते, सप्तकोटेश्वराला थोडे चालणे, तळ्यावर बाके आहेत. जुने नार्व्याचे अवशेष आणि नमाजगाहची टेकडी त्यांच्यासाठी वगळा. फेरीत त्यांना गाडीतच बसू द्या असे मुले म्हणतात, पण त्यांना बाहेर उभे राहायचे असते. कठड्याला धरून उभे राहू द्या.

जेवणाचे काय?

सकाळी पणजीत किंवा जुने गोव्यात पातळ भाजी, पाव, एक बन आणि चहा. दिवाडीवर पोदेराची (पाववाल्याची) सायकल भेटली तर गरम पोळे (गव्हाच्या कोंड्याचे पाव) घेऊन ठेवा, नुसतेही खाता येते. दुपारचे जेवण डिचोलीत करा. शीत (भात), हुमण (माशांची आमटी), तळलेला बांगडा, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) आणि सोलकढी मिळाली की दिवस सत्कारणी लागला. सोमवारी, एकादशीला किंवा श्रावणात सोबत कुणी पाळणारे असेल तर शिवराक (शाकाहारी) खाणावळ आधी विचारून ठेवा. नार्व्यात देवळापाशी हॉटेल शोधू नका. तळ्यावर वरकड खाणे मिळते, पण पोटभर जेवणाची आशा तिथे ठेवू नये.

पेट्रोल पणजीत भरा. पाण्याच्या बाटल्याही घरूनच.

कुठल्या महिन्यात जावे?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर, हे सगळ्यांचेच उत्तर. माझे उत्तर सप्टेंबरचा शेवट. पाऊस उघडलेला, खाजनात भात पोटरीला आलेले, तळे काठोकाठ आणि गर्दी नाही. जुलैमध्येही फेरी चालते, मात्र पावसाचा आणि प्रवाहाचा जोर असला की वेळ पुढे-मागे होते. एप्रिल-मेमध्ये निघायचे तर सातच्या आत निघा आणि बारा ते तीन सावलीत काढा.

डिचोली भागातले खाणकाम २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बंद होते, ते २०२४ पासून पुन्हा सुरू झाले आहे. त्यामुळे मये, शिरगाव, मुळगावच्या बाजूला खनिजाचे ट्रक लागतात. अरुंद रस्त्यावर त्यांना ओव्हरटेक करायच्या भानगडीत पडू नका. स्कूटरवर असाल तर चश्मा आणि रुमाल हवाच, लाल धूळ पांढऱ्या शर्टातून निघत नाही.

वेळेचा ढोबळ आराखडा द्याल का?

साडेसातला पणजी सोडा. आठच्या सुमाराला जुने गोव्याची फेरी. दिवाडीवर साडेनऊ-पावणेदहापर्यंत. साडेदहाला नार्वे, तिथे निदान तासभर. बाराला तळे, दीडला डिचोलीत जेवण. बाजार, नमाजगाह किंवा हरवळे, यांतले एकच. चारला आमोण्याकडे वळा, पाचपर्यंत माशेल. देवळे संध्याकाळी उघडी असतात. सहाच्या पुढे जुने गोवे ते पणजी रस्त्यावर ऑफिसे सुटल्याची गर्दी असते. रायबंदरजवळ १६३० च्या दशकात बांधलेल्या पांतीवरून (पाण्यातून जाणाऱ्या बांधाच्या रस्त्यावरून) गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. घाई नसेल तर माशेलातच एक चहा जास्त घ्या.

कुत्रा बरोबर नेता येईल का?

फेरीत नेतात, साखळी लावून. तळ्याच्या आवारात दारावर विचारा. देवळात नाही, आणि उन्हात गाडीत कोंडून ठेवणेही नाही, त्यामुळे दोघांपैकी एकाला बाहेर थांबावे लागेल. पाळीपाळीने जा.